शब्द देण्यापूर्वीचा विलंब



बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कुटुंबाचा ओतकामाचा छोटा कारखाना आहे. पंपाची ओतीव आवरणे घेण्याच्या विचाराने एका जपानी कंपनीचे चार प्रतिनिधी आणि एक दुभाषी एका सकाळी आमच्याकडे आले. मी भाव सांगितला : किलोला ८६ रुपये. दुभाष्याने तो त्यांना सांगितला. चौघांतील वयस्क गृहस्थांनी समोरच्या कागदाकडे पाहिले, डोळे किंचित मिटले आणि ते गप्प राहिले. उरलेले तिघेही गप्प. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

आपल्या बाजारात भाव ऐकून कोणी गप्प बसत नाही. समोरचा कपाळाला हात लावतो, उठून जायला निघतो, शेजारच्या पेढीचा भाव सांगतो, नाही तर नुसता हसतो. ही शांतता मला सोसवेना. भाव जास्त झाला असे वाटून मी म्हणालो, “८३ ला बसवू.” पुन्हा शांतता. “बरं, पहिलाच व्यवहार आहे. ८१.” तेव्हा त्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारला, “८१ रुपयांत परवडत असेल, तर ८६ हा आकडा कशाचा होता?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी भाव कमी करा असे म्हटलेच नव्हते. ते माझ्या आकड्याचा विचार करीत होते. किलोमागे पाच रुपये गेले हे नुकसान लहान. माझ्या पहिल्या शब्दाची किंमत मीच त्यांच्यादेखत उतरवली, हे मोठे. बोलण्याची भाषा दुभाषी बदलून देतो. गप्प राहण्याची भाषा मात्र ज्याची त्यालाच शिकावी लागते.

जपानशी आपला व्यापार नवा नाही. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते जपान अशी जहाजांची फेरी सुरू केली आणि भारतातील कापूस ब्रिटिश जहाज कंपनीच्या मक्तेदारीबाहेर पडून तिकडे जाऊ लागला. पुढे कोबे शहरात मोत्यांच्या व्यापाराच्या निमित्ताने आपल्या समाजातील कुटुंबे स्थायिक झाली. १९८५ मध्ये तेथे महावीरस्वामींचे मंदिरही उभे राहिले. आज पुणे, चाकण, सुपे या भागांत जपानी कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांत आपले अनेक तरुण आहेत. म्हणून हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्यांचा राहिलेला नाही.

प्रथम होकार-नकाराविषयी. जपानी माणूस आपले बोलणे चालू असता ‘हाइ’, ‘हाइ’ म्हणत मान हलवतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘होय’. परंतु तेथे त्याचा अर्थ ‘मी ऐकतो आहे’ एवढाच असू शकतो. आपण फोनवर ‘हं, हं’ म्हणतो तसा. उलट ‘मुझुकाशी’ म्हणजे ‘अवघड आहे’ असे तो म्हणाला, की बहुधा विषय संपला असे समजावे. आपल्याकडे ‘अवघड आहे’ या शब्दापासून खरी घासाघीस सुरू होते! ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हेदेखील पुष्कळदा सौम्य नकाराचे रूप असते. समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणून त्याची मान खाली घालायला लावू नये, हा त्यामागचा भाव. मनातले मत आणि चारचौघांत दाखवायचे मत यांना त्यांच्याकडे ‘होन्ने’ आणि ‘तातेमाए’ असे दोन स्वतंत्र शब्दच आहेत. त्यांना दोष देण्यापूर्वी आपले ‘बघू’, ‘होऊन जाईल’ आणि ‘काळजी करू नका’ हे तीन शब्द परक्याला कसे ऐकू येत असतील, याचाही विचार करावा.

त्या भेटीनंतर सहा महिने ऑर्डर आली नाही. प्रश्न मात्र येत राहिले. किलोच्या भावात कच्चे लोखंड किती, भंगार किती, वाळू, वीज, मजुरी किती, शंभर नगांमागे किती बाद होतात, वाळूतील ओलावा कोण मोजतो आणि दिवसातून किती वेळा? त्यांचा एक अभियंता दोन दिवस भट्टीजवळ उभा राहून नुसते पाहत होता. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे आण्णा म्हणतो, वैतागून म्हणाले, “यांना सौदा करायचाय की जनगणना?”

पुढे कळले की त्या सहा महिन्यांत सौदाच चालू होता. जपानमध्ये ‘नेमावाशी’ नावाची रीत आहे. हा शब्द मूळचा माळ्यांचा. मोठे झाड एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागी लावायचे असेल, तर आधी कितीतरी दिवस त्याच्या मुळांभोवती खणून, मुळे छाटून त्यांना नव्या मातीसाठी तयार करतात. तसेच कंपनीत कोणताही महत्त्वाचा विषय बैठकीत येण्यापूर्वी तो खरेदी, उत्पादन, गुणवत्ता, हिशेब अशा प्रत्येक विभागातील माणसाला वेगवेगळे भेटून त्याच्या शंकांसह पक्का केला जातो. नंतर ‘रिंगी-शो’ नावाचा प्रस्तावाचा कागद खालच्या अधिकाऱ्यापासून वरपर्यंत फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवतो. बैठकीत निर्णय घेतला जात नाही. झालेला निर्णय बैठकीत सांगितला जातो. म्हणूनच आमच्याकडे आलेल्या चौघांपैकी कोणाच्याही हाती त्या क्षणी ‘हो’ म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि मी मात्र ‘शेवटचं किती ते सांगा’ म्हणून त्यांच्यामागे लागलो होतो.

आपली परंपरा वेगळी. जुन्या बाजारपेठांत हत्ता पद्धत होती. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि क्षणात सौदा पुरा होई. तिच्यातील गुप्तपणामुळे शेतकऱ्याची फसवणूक होई, म्हणून पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी तिला बंदी घातली. परंतु पेढीवर बसलेल्या एका माणसाने क्षणात निर्णय घ्यायचा, ही तिच्यातील सवय आपल्या रक्तात राहिली आहे. निर्णय झटपट होतो. अंमलबजावणीत मात्र एकेक अडचण वर येऊ लागते, कारण त्या अडचणी ज्यांना ठाऊक होत्या त्यांना आपण आधी विचारलेलेच नसते. जपानी माणूस शब्द देण्यापूर्वी वेळ घेतो. आपण शब्द देऊन झाल्यावर वेळ घेतो. दोन्हीकडचे दिवस मोजले, तर बेरीज पुष्कळदा सारखीच येते. फरक एवढाच की त्यांचा विलंब त्यांच्या घरात राहतो आणि आपला विलंब ग्राहकाच्या दारात जाऊन उभा राहतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सहा महिन्यांनी चारशे नगांची चाचणीची ऑर्डर आली. किती दिवसांत द्याल, असे विचारताच मी सांगितले, तीस. नवव्या दिवशी पहिल्या खेपेतील कित्येक आवरणांत हवेची छिद्रे निघाली. आम्ही वाळू बदलून पाहिली, धातूचे तापमान वाढवून पाहिले. पण ग्राहकाला कळवले नाही. उगाच कशाला घाबरवायचे, करून टाकू, असा विचार. अठ्ठाविसाव्या दिवशी कळवणे भाग पडले. ते ओरडले नाहीत. त्यांचा प्रश्न पुन्हा एकच होता, “नवव्या दिवशी का सांगितले नाही?” नवव्या दिवशी त्यांनी आपल्या जुळणीचे वेळापत्रक बदलले असते, अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांचे काम थांबले. त्यांच्याकडे नव्या कर्मचाऱ्याला पहिल्या आठवड्यातच ‘होऊ-रेन-सो’ शिकवतात : अहवाल द्या, कळवत राहा, विचारून घ्या. वाईट बातमी सर्वांत आधी पोहोचली पाहिजे, हे त्याचे सार.

त्यांचे दोन अभियंते येऊन कारण शोधू लागले. एका ‘का’चे उत्तर मिळाले की त्यावर दुसरा ‘का’, असे पाच वेळा विचारण्याची रीत टोयोटाच्या कारखान्यांतून प्रसिद्ध झाली आहे. चौथ्या-पाचव्या ‘का’ला ते आमच्या मिस्त्रींपर्यंत पोहोचले. साच्यातील गाभ्याची हवा बाहेर पडायला वाट अपुरी होती. पॅटर्नमध्ये दुरुस्ती केल्याशिवाय तीस दिवसांत माल निघणारच नव्हता. मिस्त्रींना हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. आण्णांनी विचारले, “मग बोलला का नाहीस?” मिस्त्री म्हणाले, “मला कुणी इचारलंच न्हाई, मालक. तुम्ही तारीख देऊन मोकळं झालासा.”

त्यांनी ऑर्डर रद्द केली नाही, परंतु पुढची ऑर्डर तेरा महिन्यांनी आली. त्यांच्या भरवशावर घेतलेल्या यंत्राचे बँकेचे हप्ते त्या तेरा महिन्यांत आम्ही कसे भरले, ते घरच्यांनाच ठाऊक. आण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ती शांतता मला अधिक कळली.

आता व्यवस्थापनाकडे वळू. या दोन देशांच्या सहकार्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मारुती-सुझुकी. २ ऑक्टोबर १९८२ रोजी भारत सरकारची मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी यांचा करार झाला. सुरुवातीला सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मोटारीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. करारापासून चौदा महिन्यांत! सुझुकीचे प्रमुख ओसामू सुझुकी स्वतः झपाट्याने निर्णय घेणारे गृहस्थ होते, हेही नमूद केले पाहिजे. सारेच जपानी एका साच्यातून निघालेले नसतात. ते मूळचे मात्सुदा. सुझुकी घराण्याच्या नातीशी विवाह झाल्यावर त्यांनी ते आडनाव स्वीकारले आणि पुढे कंपनी सांभाळली. कर्तबगार जावयाला कुलनाम देऊन पेढी सोपवण्याची ही प्रथा जपानी व्यापारी घराण्यांत जुनी आहे. आपल्या वाचकांनी तिचा विचार करायला हरकत नाही.

गुरुग्रामच्या त्या कारखान्यात जपान्यांनी जे आणले, त्यात यंत्रांपेक्षा रीतींनी लोकांना अधिक चकित केले. व्यवस्थापकीय संचालकापासून कामगारापर्यंत एकच गणवेश, एकच उपाहारगृह, तेथे सर्वांना एकच रांग, आणि अधिकाऱ्यांना बंद खोल्यांऐवजी मोकळ्या दालनात मेजे. हुद्द्याप्रमाणे खोली आणि खोलीप्रमाणे पडदा ठरणाऱ्या त्या काळात हे पचणे सोपे नव्हते. व्यवस्थापकाने कागदावरून कारखाना समजून न घेता जेथे काम चालते तेथे, म्हणजे ‘गेम्बा’वर जावे, आणि रोज थोडी सुधारणा करावी, म्हणजे ‘काइझेन’, हे शब्द तेव्हापासून आपल्या औद्योगिक वसाहतींत रुळले.

तथापि केवळ गणवेश एक झाल्याने मने एक होत नाहीत. १९९७ मध्ये व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीवरून भारत सरकार आणि सुझुकी यांच्यात तीव्र वाद झाला. तो आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. २०११ मध्ये मानेसरच्या कारखान्यात स्वतंत्र कामगार संघटनेच्या मागणीवरून प्रदीर्घ संप झाले आणि १८ जुलै २०१२ रोजी तेथील हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. कारणांबाबत दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. परंतु कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या वेतनातील अंतर हा त्या असंतोषातील एक विषय होता. रांग एकच आणि पगाराचे पाकीट फार वेगळे, असे असेल तर समतेचा गणवेश अंगावर टोचू लागतो.

शब्दापूर्वी सारे सांगितले गेले नाही तर काय होते, याचे उदाहरण औषध उद्योगात आहे. २००८ मध्ये जपानच्या दाइइची सांक्यो कंपनीने भारतातील रॅनबॅक्सीचा सुमारे ६४ टक्के हिस्सा सुमारे ४.६ अब्ज डॉलरला घेतला. अमेरिकेतील औषध नियंत्रकांच्या चौकशीविषयीची महत्त्वाची माहिती आपल्यापासून दडवली गेली, अशी तक्रार त्यांनी पुढे केली. २०१६ मध्ये सिंगापूरच्या लवादाने जुन्या मालकांविरुद्ध निकाल दिला. तोवर जपानी कंपनी रॅनबॅक्सीतून बाहेर पडली होती आणि ती कंपनी सन फार्मात विलीन झाली होती. येथे प्रश्न इतका विचारणाऱ्यांचीही तपासणी कोठेतरी अपुरी पडली, हे खरे. पण अशा एका प्रकरणाची किंमत पुढे येणाऱ्या प्रत्येक भारतीय व्यापाऱ्याला अधिकच्या प्रश्नांच्या रूपाने मोजावी लागते.

तरुण वाचकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. जपानी पाहुण्याने दोन्ही हातांनी दिलेले कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे आणि बैठक संपेपर्यंत मेजावर समोर ठेवावे. मी पहिल्याच भेटीत त्या वयस्क गृहस्थांच्या कार्डाच्या पाठीवर पेनने भावाचे आकडे लिहिले होते! दुसरी गोष्ट जेवणाची. तेथे व्यवहाराचे नाते बऱ्याचदा रात्रीच्या जेवणात जुळते, आणि वरवर शाकाहारी दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. त्यांच्या बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजन वनस्पतिजन्य असते, त्यात कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य आहे. परंतु मुळा, गाजर असे कंद असतात. ताटावर बसल्यावर नकार दिला तर यजमान ओशाळतो. आठवडाभर आधी एक पत्र लिहून स्पष्ट सांगितले, तर तो मनापासून व्यवस्था करतो. येथेही सूत्र तेच : आधी सांगा.

मग आपण सर्वस्वी जपानी व्हावे काय? तसे मला वाटत नाही. शिक्के गोळा होईपर्यंत संधी निघून जाते, ही तक्रार जपानी तरुण स्वतःच करतात. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला त्यांच्या भाषेत ‘करोशी’ असा शब्द निर्माण व्हावा, हे काही भूषण नव्हे. आणि आपल्या स्वभावाचेही मोल आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. त्या दिवशी आमच्या पुतण्याने सकाळीच ग्राहकाला कळवले, माल वेळेवर येणार नाही. पॅटर्नचा दुसरा संच दुरुस्तीसाठी साताऱ्याला होता. तेथील एका परिचितांनी एका फोनवर, कोणताही कागद न करता, आमच्यासाठी आपली भट्टी मोकळी केली. नियमाप्रमाणे जपानी अभियंता तेथे जाऊन दोन दिवस तपासून आला आणि मगच मान्यता मिळाली. तो म्हणाला, “आमच्याकडे हे ठरवायला तीन आठवडे लागले असते.” त्यांची आधी कळवण्याची शिस्त आणि आपला वेळेला धावून येणारा माणूस, दोन्ही त्या आठवड्यात उपयोगी पडले.

जपानमधील ओमी प्रांताचे व्यापारी आपल्या पूर्वजांसारखेच गावोगाव फिरून माल विकत. त्यांच्या आचाराचे सार ‘सानपो-योशी’ या शब्दांत सांगतात : विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचे भले. हे वाचताना मला ते परके वाटले नाहीत. दोन देशांतील फरक हेतूंत फारसा नसतो. तो विचारण्याच्या आणि सांगण्याच्या वेळेत असतो.

आमच्या कारखान्यात आता भावपत्रक बाहेर जाण्यापूर्वी एक साधा कागद फिरतो. पहिली सही मिस्त्रींची, मग हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंची, मग पुतण्याची, आणि शेवटी माझी. गेल्या महिन्यात एका नव्या ग्राहकासाठी मी तीस दिवस लिहिले होते. मिस्त्रींनी ते खोडून पंचेचाळीस केले आणि सूनबाईंनी भावात दोन रुपये वाढवले. मी सही केली. ग्राहक आकडे ऐकून गप्प बसला. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी मीही गप्प बसलो.